चुना : कळीचा आणि विड्याचा

कल्याणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सोसायटीने एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारून घेतला. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात दुपारी पंखा लावला की वरून भट्टीतला वारा यावा तसं होतं, आणि पांढऱ्या गच्चीवरून ऊन बरंचसं परतून जातं. तर त्या कामातला किलो-दीड किलो कळीचा चुना उरला. टाकवेना म्हणून त्यांनी तो प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ओट्याखाली ठेवला. आता घरी गावाहून मोठा कोहळा आला आहे आणि पेठा करायचा बेत आहे. "पेठ्याला चुना लागतोच, मग घरातला हाच का वापरू नये? शेवटी चुना तो चुनाच ना?" असं त्या विचारतात.

ताई, पेठ्याचं मी शेवटी सांगते. पण आधी तो डबा ओट्याखालून काढा. ओट्याखाली पाण्याचा नळ, सांडलवंड, शिवाय रांगणारं मूल असलं तर त्याचा हात पहिला तिथेच जातो. का काढायचा, ते आता सविस्तर.

चुना दोन तऱ्हेचा असतो आणि दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो, तिथेच सगळा घोटाळा आहे. पहिला कळीचा चुना. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम ऑक्साइड म्हणतात. चुनखडीचा दगड भट्टीत घालून साधारण ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि पांढरे, हलके, ठिसूळ खडे उरतात. हिशोब मोठा मजेदार आहे : शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो माल धुराड्यातून हवेत जातो. कोकणपट्टीत दगडाऐवजी समुद्रातले शिंपले भाजूनही चुना करत. हार्बर लाइनवरून जाताना चुनाभट्टी स्टेशन लागतं, ते नाव अशाच भट्ट्यांवरून पडलेलं. आपण रोज उच्चारतो आणि कधी विचार करत नाही.

भट्टीतून निघालेल्या या कळीला फार तहान असते. पाणी मिळालं की ती ते पिते आणि पिताना तापते. किती तापावी? एक किलो चांगली कळी पूर्ण विरली तर त्यातून इतकी उष्णता निघते की साधारण तीन लिटर पाणी उकळावं. गॅस नाही, शेगडी नाही! माझं लहानपण कल्याणला पारनाक्याजवळच्या एका जुन्या वाड्यात गेलं. दिवाळीच्या आधी तिथे सफेदी असायची. अंगणात पत्र्याचं पिंप यायचं, त्यात पाणी, आणि मग गडी एकेक कळीचा खडा आत सोडायचा. पाणी आधी गप्प. मग खदखदायला लागायचं, वाफ वर यायची, शिंतोडे उडायचे. आम्ही मुलं ओसरीवरून बघत असायचो आणि आजी हातात लाटणं घेऊन आमच्यापुढे उभी. "उंबऱ्याच्या खाली पाऊल टाकलंत तर बघा!" कळीचा चुना आणि कळीचा नारद यांत ती फारसा फरक मानत नसे, दोघांनाही लांबूनच नमस्कार, असं म्हणायची. रात्रभर विरलेला चुना सकाळी गोणपाटातून गाळायचा, त्यात थोडी नीळ आणि डिंक घालायचा, आणि मग भिंतींना हात.

आजी आम्हाला विरतानाच्या चुन्यापासून जपत होती हे बरोबरच. पण तिचीही समजूत आपल्यासारखीच होती, की एकदा तो विरला, गार झाला, की गरीब झाला. तसं नाही.

विरल्यावर जो होतो तो दुसरा चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हाच विड्याचा चुना. डबीत, ट्यूबमध्ये, नाहीतर पानवाल्याकडे टांगलेल्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या पुडीत मिळतो तो. याची तहान भागलेली असते, त्यामुळे हा पाण्याने तापत नाही. मात्र हा जबरदस्त अल्कली आहे. आम्लाची आपल्याला भीती वाटते, ॲसिडची बाटली आपण कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो. अल्कलीची भीती आपल्याला कुणी शिकवलेलीच नाही. शिवाय हा तर देवापुढच्या विड्यात असतो, त्याची कसली भीती!

त्याचा हा गुण बघायचा असेल तर स्वयंपाकघरातच बघता येतो. बशीत चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि काडीच्या टोकाने किंचित विड्याचा चुना लावा. पिवळी हळद तिथल्या तिथे लालभडक होते. हळदीचं कुंकू करण्यामागे हेच रसायन. पांढऱ्या साडीवर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लाल होतो, पाहिलंय ना? साबणही थोडा अल्कलीच. म्हणजे हळद ही आपल्या घरची परीक्षा घेणारी बाई आहे : आम्लात पिवळी, अल्कलीत लाल. हे ध्यानात ठेवा, पेठ्याला उपयोगी पडणार आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. विज्ञान माझा विषय नव्हे, मी बी.ए. झालेली, पण कुणी रजेवर असलं की तो तास माझ्याकडे येतो. मुलांचा आवडता प्रयोग निवळीचा. चुना पाण्यात ढवळून ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, ती चुन्याची निवळी. त्यात नळीने हळूच फुंकर मारली की पाणी दुधासारखं होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला मिळतो आणि पुन्हा चुनखडीचे कण होतात. (फुंकायचं, ओढायचं नाही, हे मुलांना दहादा सांगावं लागतं. तरी एखादा ओढतोच, म्हणून तो प्रयोग हल्ली मी स्वतःच करून दाखवते.) भिंतीवरचा चुना वाळून घट्ट होतो तोही असाच. भट्टीत हवेत गेलेला वायू तो हवेतून परत मिळवतो आणि पुन्हा दगड होऊन बसतो. चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेला वसईचा किल्ला बघायला गेलात तर तटाचे दगड धरून ठेवणारा चुना हाताने चाचपून पाहा. सिमेंट नव्हतं तेव्हा आपल्याकडची मोठी बांधकामं याच्यावरच उभी राहिली. कितीतरी किल्ल्यांवर चुना मळायचा घाणा अजून दिसतो, दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक.

हे सगळं कौतुक मी मनापासून सांगते आहे. पण या चुन्यावर लिहायचं दोन वर्षं मनात होतं ते या कौतुकासाठी नव्हे. पत्र आलं आणि निमित्त मिळालं.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक काकू आहेत. जेवण झालं की पान खायची त्यांना सवय होती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांच्या मुलीचा मुलगा ठाण्याहून सुट्टीला आलेला. चार वर्षांचा. काकू स्वयंपाकघरात होत्या, पोराला दिवाणावर पानाचा डबा सापडला, डब्यात चुन्याची पुडी. प्लॅस्टिकची, फुगीर, बोटात दाबली की मऊ लागणारी. मुलांना असं काही दाबायला फार आवडतं. त्याने चेहऱ्यापाशी धरून ती दोन्ही हातांनी दाबली, आणि पुडी फुटून सगळा चुना उजव्या डोळ्यात गेला.

त्याची किंकाळी ऐकून मजल्यावरच्या आम्ही चौघीजणी धावलो. काकू पदराने डोळा पुसत होत्या. "अगं, काही नाही, चुनाच आहे, निघेल आता," असं त्या मलाही सांगत होत्या आणि स्वतःलाही. एकीने गुलाबपाणी आणलं. एक म्हणाली, साजूक तूप घाला, आग थांबेल. मुलगा पापणी उघडू देईना. आणि मी, शाळेत शिकवणारी, हळदीचा आणि निवळीचा प्रयोग करून दाखवणारी, मी पायात चपला सरकवून रिक्षा आणायला धावले. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं, म्हणून दारातच दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या होत्या. त्यांना वळसा घालून मी जिन्याकडे गेले.

रिक्षा पुलावर अडकली. डॉक्टरांकडे पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी पोराला आडवं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी डोळा धुतला का?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

मग त्यांनी अर्धा तास डोळा धुतला. वरची पापणी उलटून पाहिली तर आत चुन्याचे बारीक गोळे चिकटून बसलेले. आम्ही वरवर पुसत होतो तेव्हा ते आत आपलं काम करतच होते. आम्लाने डोळा भाजतो, पण बहुतेकदा भाजलेल्या थराशीच ते अडतं. अल्कली तसं अडत नाही, ते पेशींतला स्निग्धांश विरघळवत आत आत शिरतं. आणि चुना तर चिकट. थेंब असता तर अश्रूंनी वाहून गेला असता, हा पापणीखाली दडून राहतो आणि झिरपत राहतो. म्हणून एक एक मिनिट मोलाचं. किती महिने थेंब चालले, किती खेपा झाल्या, ते सांगत बसत नाही. पोरगा आता शाळेत जातो. त्या डोळ्यावर धुरकट पडदा राहिला आहे. फळ्यावरची मोठी अक्षरं दिसतात, पुस्तकातली दिसत नाहीत. दुसरा डोळा चांगला आहे. काकूंना घरातलं कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना फार जड गेलं.

तेव्हा मैत्रिणींनो, मला त्या दिवशी सुचलं नाही ते इथे लिहिते. चुना कुठलाही असो, डोळ्यात गेला की पहिलं काम पाणी. डॉक्टर नंतर, रिक्षा नंतर, कुणाला फोन करायचा तोही दुसऱ्या कुणीतरी करावा. मुलाला मोरीत नाहीतर ओट्यापाशी आडवं धरा. खराब डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान वळवा, म्हणजे त्यातलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दोन बोटांनी पापण्या उघड्या धरा. मूल रडेल, हातपाय झाडेल, एकीने घट्ट धरायचं आणि दुसरीने तांब्याने नाकाकडून कानाकडे पाण्याची मंद धार सोडायची. पिण्याचं असेल तर उत्तम, नाहीतर नळाचं साधं पाणी चालतं. दिसणारा गोळा ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद उचलून घ्या, चोळू नका. असं निदान वीस मिनिटं, अर्धा तास झाला तर अधिक बरं. घड्याळ बघून, कारण रडणाऱ्या पोरापाशी दोन मिनिटंही तासासारखी वाटतात. गुलाबपाणी, तूप, दूध, मध यांतलं काही नको. आणि चुना अल्कली आहे म्हणून वर लिंबू पिळावं असं कुणा हुशार माणसाच्या डोक्यात येईल, तेही नको. धुऊन झाल्यावर मात्र थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, रडणं थांबलं असलं तरी. पापणीच्या आत काय राहिलं आहे ते आपल्याला दिसत नाही. जाताना ती पुडी बरोबर न्या.

सुक्या कळीची भुकटी अंगावर सांडली तर आधी ती कोरडीच झटकायची आणि मग भरपूर पाणी ओतायचं, कारण थोडक्या पाण्याने ती तापेल. मुलाने चुना तोंडात घातला तर तोंड पुसून, चूळ भरवून, घोट घोट पाणी द्या आणि दवाखाना गाठा. उलटी काढू नका. जाताना भाजतो तो परत येतानाही भाजतो.

आमच्या मजल्यावर त्यानंतर एकाही घरात पुडीचा चुना येत नाही. ज्या आजींना लागतो त्यांच्याकडे जुन्या पद्धतीची, फिरकीच्या झाकणाची पितळी डबी आहे, आणि ती देवघराच्या वरच्या फळीवर असते. ट्यूबही मला पसंत नाही, मुलांना ती टूथपेस्ट वाटते. पावसाळ्याच्या सुमाराला नाल्याकडेला, कचऱ्याच्या ढिगाभोवती पांढरी भुकटी टाकलेली असते. ती कधी चुन्याची असते, कधी ब्लीचिंग पावडरची (तीही विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडूनच करतात). खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना तिथला चेंडू उचलून तसाच हात डोळ्याला लावू नका, एवढं सांगून ठेवा.

आता आणखी एका गोष्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण व्हॉट्सॲपवर ती महिन्यातून एकदा तरी येते. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून नाहीतर उसाच्या रसातून घ्या, हाडं मजबूत होतात, गरोदर बायकांनी तर घ्यावाच. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं. पण हिशोब करून पाहू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास मिलिग्रॅम, त्यात निम्मं पाणी. राहिलेल्यात कॅल्शियम निम्म्याहून थोडं अधिक. म्हणजे फार तर पंधरा मिलिग्रॅम. आपल्याला दिवसाला लागतं १००० मिलिग्रॅम! एक पेला दुधात दोनशेच्या वर मिळतं, पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी खाल्ली तर पावणेदोनशेच्या आसपास. बरं, तेवढ्याने भागत नाही म्हणून चुना वाढवावा तर तोंड आणि अन्ननळी भाजते. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन. त्या सोडून चुन्याच्या मागे कशाला लागायचं? तान्ह्या मुलांना दात येताना निवळी पाजायची जुनी रीत आहे; तीही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. तंबाखूला चुना चोळतात त्याचं तर बोलूच नये. चुन्यामुळे निकोटिन गालातून झपाट्याने रक्तात उतरतं, म्हणूनच तो चोळतात, आणि त्याच चुन्याने गालाची आतली त्वचा भाजत राहते. घरातले पुरुष ऐकत नाहीत, हे माहीत आहे. तरी लिहिलं.

हां, आता कल्याणच्या ताई. तुमचा उरलेला चुना पेठ्याला चालणार नाही. तो बांधकामाचा माल आहे, खाण्यासाठी केलेला वा तपासलेला नाही, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शिवाय ती कळी आहे, स्वयंपाकघरात पाण्यात टाकलीत तर आमच्या वाड्यातलं पिंप तुमच्या ओट्यावर होईल. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवणंही बरं नाही. पावसाळी हवेतला दमटपणा शोषून ती फुगते, झाकण उचलून धरते, आणि वर पाणी गळलं तर तापून डबा वितळायचा. ज्या रंगवाल्याकडून आणलीत त्याला परत देऊन टाका. नाहीतर पुढच्या वर्षी गच्चीला लागेल म्हणून गड्याकडून पत्र्याच्या पिंपात विरवून घ्या. तेव्हा पिंपात आधी भरपूर पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी, उलट कधी नाही. गड्याच्या डोळ्यांना चष्मा हवा आणि गच्चीचं दार बंद हवं.

पेठ्याला विड्याचाच चुना घ्या, खात्रीच्या दुकानातला. एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा पुरे. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, जास्त घातलात तर तो नुसता तळाशी बसेल. अॅल्युमिनियमचं पातेलं नको, चुना ते खातो. स्टीलचं किंवा काचेचं घ्या. ढवळून दोन तास ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या, गाळ टाकून द्या. कोहळा सोलून, बिया काढून, चौकोनी तुकडे करा, काट्याने सगळीकडून टोचा आणि निवळीत रात्रभर बुडवून ठेवा. फळातल्या पेक्टिनला चुन्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तुकडा शिजला तरी विरघळत नाही आणि दाताखाली कुरकुरतो. मेक्सिकोतल्या बायका मका असाच चुन्याच्या पाण्यात शिजवून घेतात. युरोपात मका गेला पण ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला, कारण मक्यातलं एक जीवनसत्त्व चुन्यानेच मोकळं होतं.

सकाळी तुकडे चार-पाच पाण्यांतून धुवायचे, दर वेळी दहा मिनिटं पाण्यात राहू द्यायचे. शेवटच्या पाण्यातलं चमचाभर बशीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाका. लाल झाली तर आणखी एकदा धुवा. पिवळीच राहिली की मग साध्या पाण्यात तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकडा, निथळा आणि साखरेचा पाक चढवा.